दुचाकीस्वाराचे कान: साकीनाका ते कशेडी

मुंबईतल्या साकीनाक्याच्या चौकात अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकीविहार रस्ता एकमेकांना मिळतात आणि वरून मेट्रो जाते. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्ग 8 जून 2014 ला सुरू झाला, तेव्हापासून या रस्त्याला काँक्रीटचं छत आहे. जवळच जरीमरी, तिच्या पलीकडे विमानतळ. घाटकोपरच्या बाजूने उतरणारी विमानं घरांच्या पत्र्यांवरून इतकी खालून जातात की बोलणं मध्येच थांबवावं लागतं. खैरानी रोडच्या गाळ्यांत लेथ, प्रेस आणि ग्राइंडर चालू असतात. या सगळ्यातून बेस्टच्या बस, रिक्षा, टेम्पो आणि दुचाक्या एकमेकांना घासत निघतात आणि प्रत्येकाचा अंगठा हॉर्नवर असतो.

या चौकातून रोज गाडी काढणाऱ्याने कानात इअरप्लग घालावेत का, असं विचारलं की उत्तर बहुधा रागानेच येतं. ‘मागून ट्रक आला तर कळणार कसं?’ हेच लांब पल्ल्याच्या स्वाराला विचारा. इअरप्लगशिवाय गाडी स्टँडवरून काढू नये, असं तो तितक्याच ठामपणे सांगेल. दोघेही खरं बोलतात, फक्त दोघांच्या डोळ्यांपुढे वेगवेगळे रस्ते असतात. या प्रश्नावर बरंच संशोधन झालं आहे, पण ते बहुतेक इंग्लंडच्या मोटरवेवर झालं आहे. साकीनाक्याच्या सिग्नलवर ते जसंच्या तसं लावता येत नाही. माझं मत आधीच सांगतो. महामार्गावर कान झाकलेच पाहिजेत. गर्दीच्या शहरी रस्त्यावर ते पुरते बंद करू नयेत. आणि शहरातला आवाज कमी करायचं काम स्वाराच्या कानांवर ढकलून कोणी मोकळं होऊ नये.

सुरुवात वाऱ्यापासून करू, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. गाडीवरचा त्रासदायक आवाज इंजिनाचा किंवा सायलेन्सरचा असतो, असं आपल्याला वाटतं. साठच्या आसपास वेग गेला की तसं राहत नाही. हेल्मेटवर आदळलेला वारा कडेकडेने सुटतो, त्याचे भोवरे होतात आणि त्या भोवऱ्यांचा घरघराट थेट कानाशी होतो. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या मायकेल लोअर आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये स्वारांच्या कानाशी मायक्रोफोन बसवून हे मोजलं. त्याच सुमारास ब्रिटनमधले कान-नाक-घसा तज्ज्ञ अँड्र्यू मॅककोम्ब यांच्या गटाने मोटरसायकलस्वारांच्या कानांच्या तपासण्या केल्या. हेल्मेटच्या आत ताशी 60 किलोमीटरला सुमारे 90 डेसिबल आणि 160 किलोमीटरला 110 डेसिबलच्या घरात आवाज जातो, असं या अभ्यासांतून पुढे आलं. गाडी कितीही शांत असली तरी यात फारसा फरक पडत नाही, कारण आवाज करणारं यंत्र म्हणजे स्वाराचं स्वतःचं डोकं आणि त्यावरचं हेल्मेट असतं.

2011 मध्ये इंग्लंडमधल्या बाथ इथल्या मायकेल कार्ली, नायजेल होल्ट आणि इयन वॉकर यांनी आणखी बारकाईने पाहिलं. आवाजाचा मोठा हिस्सा हनुवटीखालच्या मोकळ्या जागेतून आत शिरतो, असं त्यांना आढळलं. पुढे काच लावलेल्या गाडीवर त्रास कमी होईल, असं वाटतं. पण काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेला खवळलेला वारा नेमका हेल्मेटवर येत असेल तर आवाज उलट वाढतो. उंच माणूस आणि बुटका माणूस एकाच गाडीवर बसले तरी त्यांच्या कानांना मिळणारा आवाज सारखा नसतो.

हेल्मेट कानाचं रक्षण करतं, हा दुसरा गैरसमज. हेल्मेट तीक्ष्ण, उंच आवाज थोडे अडवतं. वाऱ्याचा खर्जातला घुमारा मात्र त्याला अडत नाही, काही पट्ट्यांत तर हेल्मेटच्या पोकळीत तो वाढतो. आपल्याकडे काच वर करून, हनुवटीचा पट्टा सैल सोडून हेल्मेट घातलं जातं, किंवा नुसतं टोपीसारखं अर्धं हेल्मेट असतं. त्यात तर कान उघडाच. 1 जून 2021 पासून आयएसआय चिन्ह नसलेलं हेल्मेट विकायला बंदी आहे आणि ते योग्यच झालं. पण ते चिन्ह कवटीची हमी देतं, कानाची नाही.

आता हिशेब. आवाजाची इजा दोन गोष्टींवर ठरते: किती मोठा आणि किती वेळ. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेचा दंडक असा की 85 डेसिबल आठ तास चालतो आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एकच तास, 100 ला फक्त पंधरा मिनिटं. डेसिबलची मोजपट्टी सरळ बेरजेची नसल्यामुळे तीन हा आकडा छोटा दिसतो, प्रत्यक्षात तेवढ्यात ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते.

हा हिशेब मुंबईच्या स्वाराला कुठे लागू पडतो? रोजच्या रस्त्यावर वाऱ्यापुरता जवळजवळ नाहीच. मुंबईतले वेगाचे नवे रस्ते दुचाकीला बंद आहेत. वांद्रे-वरळी सागरी सेतू बंद, किनारी रस्ता बंद, अटल सेतू बंद, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही बंद. साकीनाक्याच्या स्वाराला उरतात ते अंधेरी-कुर्ला रस्ता, घाटकोपर जोडरस्ता, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता आणि दोन जुने द्रुतगती महामार्ग. त्यांतल्या शेवटच्या दोनांवर रात्री उशिरा किंवा पहाटे गाडी सत्तरला जाईल. एरवी काटा तीस-चाळिशीपुढे क्वचितच सरकतो. त्या वेगाला वारा कानाला इजा करण्याइतका नसतो.

पण हाच माणूस गणपतीला गावी निघतो. रेल्वेचं आरक्षण उघडल्याबरोबर संपलेलं, एसटीच्या जादा गाड्या भरलेल्या, म्हणून मित्राबरोबर बाइकवर. पनवेल, पेण, माणगाव, महाड, मग कशेडी घाट, खेड, चिपळूण आणि पुढे सावंतवाडीपर्यंत. खड्डे आणि वळणरस्ते धरून दहा-बारा तास कुठेच जात नाहीत. त्यातला निम्मा वेळ जरी गाडी साठ-सत्तरने धावली आणि कानाशी 91 डेसिबल धरले, तरी नायॉशच्या दंडकाने जे दोन तासांत संपायला हवं ते पाच-सहा तास चालतं. म्हणजे कानाच्या एका दिवसाच्या मर्यादेच्या अडीच-तीनपट. गावी पोचल्यावर आई काय म्हणाली ते दोनदा विचारावं लागतं, कानांना दडे बसलेले असतात, रात्री उशीवर डोकं टेकलं की बारीक शिट्टी ऐकू येते. झोपून उठलं की बरं वाटतं, म्हणून कोणी मनावर घेत नाही.

इथे जरा थांबायला हवं. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यातल्या केसांसारख्या टोकांच्या पेशी ध्वनीने हलतात आणि मेंदूकडे निरोप धाडतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, विश्रांती मिळाली की सावरतात. दडे बसणं आणि उतरणं ते हेच. फार वेळा थकल्या की काही मरतात. मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. नुकसान बहुधा 4000 हर्ट्‌झच्या आसपास सुरू होतं. नेहमीच्या बोलण्यातले स्वर त्याच्या खाली असल्यामुळे माणसाला बरीच वर्षं वाटतं की आपल्याला सगळं ऐकू येतं. आधी स, श, त, थ यांसारखी व्यंजनं पुसट होतात. बोलणं ऐकू येतं पण कळत नाही, विशेषतः लग्नाच्या हॉलमध्ये किंवा पंगतीत. सकाळी ऐकू यायला लागलं म्हणजे इजा झाली नाही, या समजुतीलाही 2009 मध्ये धक्का बसला. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही पेशी आणि मज्जातंतू यांच्यातले काही सांधे कायमचे तुटलेले आढळले. माणसाबाबत त्याचा नेमका अर्थ काय, यावर अजून काम चालू आहे. तरी दडे उतरले म्हणून निश्चिंत व्हावं, असं आता म्हणता येत नाही.

लांब पल्ल्याच्या स्वारीत इअरप्लगचा फायदा तपासलेला आहे. मॅककोम्ब यांच्या गटाने स्वारीच्या आधी आणि नंतर ऐकण्याची पातळी मोजली. इअरप्लग असताना तात्पुरता बहिरेपणा स्पष्टपणे कमी भरला. शर्यतीतले मोटोजीपीचे स्वार इअरप्लग घालूनच उतरतात. थकवाही कमी येतो, असं लांबचा प्रवास करणारे जवळजवळ सगळे सांगतात आणि मला ते पटतं. सतत घोंघावणाऱ्या वाऱ्यात आठ तास घालवलेला माणूस नवव्या तासाला घाटातल्या वळणावर ताजातवाना कसा असेल? कान वाचवणं आणि जीव वाचवणं इथे एकमेकांच्या आड येत नाही.

आता मागचं ऐकू येणार नाही, या आक्षेपाकडे येऊ. मराठी माणसाला हा आक्षेप नवा नाही. पुण्यात 1 जानेवारी 2019 पासून हेल्मेटसक्तीची अंमलबजावणी कडक झाली तेव्हा हेल्मेटसक्तीविरोधी कृती समितीने मोर्चा काढला. हेल्मेटने मान दुखते, बाजूचं दिसत नाही आणि ऐकू येत नाही, हे मुद्दे पुण्यात त्याआधीपासून वर्षानुवर्षं मांडले जात होते. ऐकण्याचा मुद्दा त्यांच्याही कितीतरी आधी तपासला गेला होता. 1981 मध्ये अमेरिकेतले व्हॅन मूरहेम आणि सहकारी या निष्कर्षाला आले की गाडी चालू असताना हेल्मेटमुळे इशाऱ्याचे आवाज ऐकण्यात अडचण येत नाही. कारण हेल्मेट हॉर्न जितका दाबतं तितकाच भोवतालचा गोंगाटही दाबतं.

इअरप्लगबाबत हेच तत्त्व आणखी जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, 1946 मध्ये, कार्ल क्रायटर यांनी दाखवलं की गोंगाट मोठा असेल तर कान झाकलेल्या माणसाला बोलणं उघड्या कानाइतकंच, कधी त्याहून चांगलं कळतं. फार मोठ्या आवाजाखाली कानाची यंत्रणाच विस्कटते. आवाज थोडा उतरला की तिला पुन्हा वेगवेगळे ध्वनी निवडता येतात. म्हणून ताशी सत्तरने जाणाऱ्या स्वाराला इअरप्लग घातल्यावर मागचा हॉर्न जास्त ठळक जाणवतो, हा अनेकांचा अनुभव भ्रम नाही.

मग साकीनाक्यालाही तेच लावावं का? इथे मी थांबतो, आणि त्याला तीन कारणं आहेत. पहिलं, हा नियम सततच्या गोंगाटाचा आहे. शहरात आवाज चढ-उताराचा असतो. सिग्नलला गाड्या बंद झाल्या की क्षणभर तुलनेने शांत होतं, आणि नेमक्या त्याच क्षणी डावीकडून सायकलवाला निघतो, एखादी बाई मुलाचा हात धरून गाड्यांच्या फटीतून रस्ता ओलांडते. पुरता बंद कान तेव्हा खरोखर उणा पडतो. दुसरं, दिशा. आवाज पुढून आला की मागून, हे ओळखायला कानाची पाळी आणि तिच्यावर वळसे घेणारे उंच पट्टीचे ध्वनी लागतात, आणि इअरप्लग नेमके तेच जास्त कापतो. महामार्गावर मागून येणारा बहुतेक वेळा उजवीकडूनच जाणार असतो. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर तो कुठूनही येऊ शकतो, फुटपाथवरूनही. तिसरं, ज्यांचे कान आधीच उतरलेले आहेत त्यांना क्रायटरचा नियम लागू पडत नाही. उंच पट्टीचं ऐकू येणं कमी झालेल्या पन्नाशीतल्या स्वाराने वरून फोमचा इअरप्लग घातला, तर हॉर्न त्याच्या ऐकण्याच्या पातळीखाली जाऊ शकतो.

पण याच मुद्द्याला दुसरी बाजूही आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडायला हवी. ऐकू न येणारा माणूस गाडी चालवूच शकत नाही, असं आपला कायदाही मानत नाही. 2011 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की कर्णबधिर अर्जदार चाचणी उत्तीर्ण झाला तर त्याला परवाना नाकारता येणार नाही. कर्णबधिर चालक आरशावर भर देतात, मान वळवून बघतात. आपल्याकडे दुचाकीचे आरसे आत दुमडलेले किंवा काढून टाकलेले असतात आणि मागचं सगळं काम हॉर्नवर सोपवलेलं असतं. ‘ऐकू नाही आलं तर मरेन’ असं म्हणणाऱ्याने आधी दोन्ही आरसे सरळ करावेत, अशी माझी त्याला कळकळीची विनंती आहे.

साकीनाक्यात कानाला खरी इजा कशाने होते, हे पाहिलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते. इथे आवाज वाऱ्याचा नाही, माणसांनी केलेला आहे. नव्या दुचाकीला रस्त्यावर येण्याआधी आवाजाची चाचणी द्यावी लागते. 175 सीसीच्या वरच्या गाडीलाही ठरलेल्या अंतरावर 80 डेसिबलपेक्षा जास्त चालत नाही. मग मोठ्याने वाजणारा ‘इंदोरी’ सायलेन्सर बसवला जातो आणि ती चाचणी निरर्थक होते. मोटारीच्या हॉर्नचं मानक सांगतं की गाडीपुढे सात मीटरवर आवाज 93 ते 112 डेसिबलमध्ये असावा. सिग्नलला आपल्या पाठीशी उभी असलेली गाडी मात्र हातभर अंतरावर असते. खाली मेट्रोच्या खांबांची रांग, वर पुलाचा तळ, दोन्ही कडांना दुकानांच्या भिंती. अशा खोबणीत आवाजाला वर निघून जायला वाटच उरत नाही, तो पुन्हापुन्हा परततो.

कायदा आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसाची सरासरी मर्यादा निवासी भागात 55, व्यापारी भागात 65 आणि औद्योगिक भागात 75 डेसिबल आहे. साकीनाक्यात तिन्ही प्रकारचे भाग एकाच गल्लीत सापडतील. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-एफ खाली विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवल्यास पहिल्यांदा 1000 आणि पुढे 2000 रुपये दंड आहे. सायलेन्सर टाळून धूर सोडणारी गाडीही त्याच कलमात येते. मुंबईत सुमैरा अब्दुलाली आणि त्यांचं ‘आवाज फाउंडेशन’ गेली अनेक वर्षं मोजमाप करून, न्यायालयात जाऊन हा विषय जागता ठेवत आहेत. जानेवारी 2020 मध्ये वाहतूक पोलिसांचा ‘पनिशिंग सिग्नल’ गाजला. सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता आणि वांद्रे इथे डेसिबलमापक सिग्नलला जोडला, आवाज 85 च्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. कल्पना फार चांगली होती, कारण तिने शिक्षा नेमकी हॉर्न वाजवणाऱ्यांच्या घोळक्याला दिली. ती थोड्या काळापुरती, थोड्या चौकांत झाली आणि साकीनाका त्या यादीत नव्हता. ऑक्टोबर 2021 मध्ये नाशिकला केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी हॉर्नमध्ये बासरी, तबला, हार्मोनियम अशा वाद्यांचे सूर असावेत, असा कायदा करण्याचा विचार बोलून दाखवला. सूर गोड असो की कर्कश, तो शंभर डेसिबलने कानाशी वाजला तर पेशीला फरक कळत नाही. आवाजाची पातळी उतरवण्याबद्दल बोललं गेलं तर मला जास्त आनंद होईल.

आतापर्यंत इअरप्लगबद्दल बोललो. प्रत्यक्षात साकीनाक्याच्या स्वाराच्या कानात काय असतं? इअरफोन. चांदिवली, मरोळ, पवई या पट्ट्यात जेवणाचे डबे, किराणा आणि पार्सलं पोचवणारी मुलं एका कानात इअरफोन घालून फिरतात. रस्ता सांगणारा आवाज त्यातून येतो, ग्राहकाचा फोन त्यातून येतो. काहीजण मोबाइलच हेल्मेटच्या आत गालाशी खोचतात. ही त्यांची चैन नाही, कामाची गरज आहे. पण कानाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट व्यवस्था हीच. बाहेर 85 डेसिबल असताना इअरफोनमधलं बोलणं कळायचं तर त्याहून मोठं करावं लागतं. म्हणजे बाहेरचा आवाज आत येतोच आणि त्यावर आणखी एक चढतो. इअरप्लग नेमका उलट वागतो, तो स्वतः काही वाजवत नाही.

कायद्यांत हा भेद कुठे स्पष्ट आहे, कुठे नाही. फ्रान्सने 1 जुलै 2015 पासून वाहन चालवताना, सायकलवरसुद्धा, आवाज सोडणारी साधनं कानात घालायला बंदी केली. कॅलिफोर्नियात दोन्ही कान झाकायला मनाई आहे, पण घातक आवाज कमी करण्यासाठी बनवलेले आणि हॉर्न-सायरन ऐकू देणारे इअरप्लग त्यातून वगळले आहेत. भारताच्या मोटार वाहन कायद्यात इअरप्लगचा स्वतंत्र उल्लेख नाही. हातात धरायच्या संपर्कसाधनाचा वापर मात्र 2019 पासून धोकादायक चालवण्यात मोडतो. कॅलिफोर्नियासारखं एक स्पष्ट वाक्य आपल्या नियमांत आलं तर स्वाराची आणि हवालदाराची, दोघांची सोय होईल. हेल्मेटच्या आत नारंगी टोक दिसलं की तो इअरफोन आहे की रक्षक, यावर सिग्नलला हुज्जत नको.

ज्याला इअरप्लग घालायचे आहेत त्याने काय घ्यावं? कापसाचा बोळा नको. त्याने कान बंद झाल्यासारखं वाटतं, आवाज जेमतेम पाच-सात डेसिबल उतरतो, आणि त्या भरवशावर माणूस वेग वाढवतो. फोमचे इअरप्लग सेफ्टीच्या वस्तू विकणाऱ्या दुकानात काही रुपयांत मिळतात. कारखान्यांचा पट्टा असल्याने साकीनाक्यात ते शोधायला लांब जावं लागत नाही. पाकिटावर किती डेसिबल उतरतात ते सांगणारा 29 किंवा 33 असा आकडा असतो. तो प्रयोगशाळेतला, प्रत्यक्षात तेवढं मिळत नाही. अमेरिकेत कामगार-तपासनीस अंदाजासाठी त्यातून सात वजा करून उरलेलं निम्मं धरतात, म्हणजे 29 चे 11 उरतात. हे कमी वाटेल. पण 91 मधून 11 गेले की 80 राहतात, आणि 80 डेसिबल आठवड्याला चाळीस तासांपर्यंत सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटना मानते. कोकणच्या वाटेवर दहा-अकरा डेसिबल पुरतात. जगापासून तुटायची गरज नाही.

घालायची रीत मात्र बहुतेकांची चुकते. स्वच्छ, कोरड्या बोटांनी फोम वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, फोम आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत, अर्धा मिनिट तरी, बोटाने धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवलेला इअरप्लग हेल्मेट चढवताना बाहेर येतो. दोरीवाले कारखान्यासाठी ठीक. हेल्मेटमध्ये दोरी अडकते आणि ओढली की प्लग निघतो, म्हणून बिनदोरीचे घ्यावेत. आधी इअरप्लग, मग हेल्मेट, मग गाडी चालू. चालत्या गाडीवर चाचपणं नको.

शहरासाठी वेगळा प्रकार आहे: मध्ये बारीक गाळणी असलेले सिलिकॉनचे इअरप्लग. संगीतकार वापरतात तसे. ते सगळ्या पट्ट्या थोड्या-थोड्या, जवळपास सारख्या उतरवतात, म्हणून बोलणं आणि हॉर्न ओळखू येतात. किंमत फोमच्या कित्येक पट, पण धुऊन पुन्हा वापरता येतात. दिवसाचे आठ-दहा तास मुंबईच्या रस्त्यावर असणाऱ्याने काही घालायचंच असेल तर हे घालावेत, फोमचे नाहीत. दिवसाला दोनदा अर्धा-पाऊण तास घर-ऑफिस करणाऱ्याला, माझ्या मते, शहरात कशाचीच गरज नाही. त्याने काच खाली ठेवावी आणि हेल्मेट नीट मापाचं घ्यावं.

मुंबईच्या हवेचा मुद्दा परदेशी सल्ल्यांत सापडत नाही. जून ते सप्टेंबर कान ओलेच असतात आणि दमट कानात बुरशी लवकर धरते. त्यात घामाचा इअरप्लग तासन्‌तास ठेवला तर खाज, ठणका, स्राव हे आलंच. फोमचा इअरप्लग भिजला की फेकावा, दुसऱ्याला देऊ नये, कानात तेल घालून वर प्लग बसवू नये. पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल किंवा मळाने गच्च भरला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावं. मळ असताना प्लग ढकलला तर तो मळच आत ठासतो.

शेवटी खैरानी रोडवरच्या एका विसंगतीकडे लक्ष वेधायचं आहे. गाळ्याच्या आत लेथवर उभ्या कामगारासाठी निदान कागदावर मर्यादा आहे: 90 डेसिबल, आठ तास. आवाजामुळे आलेला बहिरेपणा सरकारला कळवायच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. मालकाने कान झाकायची साधनं द्यावीत, अशी अपेक्षा आहे. त्याच गाळ्याच्या दाराशी पार्सल घ्यायला थांबलेला मुलगा दिवसभर तितक्याच आवाजात असतो आणि त्याच्या कानांची जबाबदारी कोणाचीच नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार ही नावं पहिल्यांदा केंद्रीय कायद्यात आणली. अपघात विमा, आरोग्य, वृद्धापकाळ अशा योजनांची वाट त्यात आहे. आरोग्याच्या त्या योजनेत वर्षाला एक श्रवणतपासणी सहज बसेल. कंपन्या शर्ट, पिशवी आणि हेल्मेट देतात, तर त्यात गाळणीचे इअरप्लग घालायला फार खर्च नाही. आणि रस्ता सांगणारा आवाज कानात ओतण्याऐवजी हँडलवर वळणाची खूण दाखवणारं साधन दिलं, तर इअरफोनची गरजच बरीच कमी होईल.

तपासणीसाठी दूर जायला नको. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे, मुंबईतल्या मोठ्या पालिका रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. बंद खोलीत हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीचे बारीक स्वर ऐकवतात आणि प्रत्येक कानाचा आलेख काढून देतात. दुखत नाही, अर्ध्या तासात होतं. तपासणीला जाण्याआधीचे सोळा-अठरा तास गाडी आणि मोठा आवाज टाळावा, नाहीतर दडे बसलेल्या कानांचाच आलेख निघतो. तंत्रज्ञाला आपण किती तास दुचाकी चालवतो ते सांगावं आणि 4000 हर्ट्‌झपाशी खळगा आहे का, ते विचारून घ्यावं. कागद जपून ठेवावा. पहिला आलेख विशीतच काढलेला असेल तर दोन-तीन वर्षांनंतरचा त्याच्याशेजारी ठेवून डॉक्टरांना फरक सांगता येतो.